ओल्या चुन्यावरचे देवदूत : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

कामाची हद्द ठरली. इटलीतल्या पादुआ गावच्या स्क्रोवेन्यी चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनामंदिरात) इटालियन चित्रकार जोत्तोनं रंगवलेलं ‘ख्रिस्तविलाप’, म्हणजे मृत येशूभोवतीचा शोक, हे दृश्य, त्यातला फक्त वरचा एक कोपरा, मूळ आकारात: आकाशाचा पट्टा आणि त्यात झेपावणारे दोन देवदूत. मूळ चौकट सुमारे २०० बाय १८५ सेंटिमीटरची आहे. ती सगळी करण्याचा हट्ट नाही. भिंत विटांची, आमच्या कलावर्गाच्या मागच्या पडवीतली. सिमेंट नाही, ॲक्रिलिक नाही. चुना, वाळू, पाणी आणि मातीचे रंग.

हे का करायचं, तेही लिहून ठेवते. वर्गात जोत्तो शिकवताना आपण माणसांच्या अंगातलं वजन, चेहऱ्यावरचं दुःख, चित्रात आलेली खोली यांबद्दल बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. पण विद्यार्थ्यांसमोर असतो गुळगुळीत छापील कागद. ते दुःख एका गवंड्यानं सकाळी थापलेल्या गिलाव्यावर संध्याकाळच्या आत उतरवलेलं आहे, हे त्या कागदावरून कळत नाही. भित्तिचित्र आधी गिलाव्याचं काम आहे आणि मग रंगाचं. ते हातानं शिकवायचं आहे.

चॅपलची माहिती विद्यार्थ्यांना दिली ती थोडक्यात अशी. एन्रिको स्क्रोवेन्यी या धनाढ्य सावकारानं १३०० साली पादुआतल्या जुन्या रोमन रंगमंडलाची जागा विकत घेतली, तिथे वाडा बांधला आणि वाड्याला लागून येशूची आई मरिया हिच्या नावानं हे चॅपल. २५ मार्च १३०५ रोजी त्याचा अभिषेक झाला. त्या दिवशी भिंतींवर लावायला व्हेनिसहून सान मार्को चर्चचे पडदे उसने मागवले होते. शेजारच्या मठातल्या साधूंनी त्याच वर्षी जानेवारीत तक्रार केली होती, की घरच्या प्रार्थनेपुरती परवानगी असताना इथे भलताच थाट चालला आहे. एन्रिकोचा बाप रेजिनाल्दो याला कवी दान्तेनं आपल्या काव्यातल्या नरकात व्याजखाऊंच्या रांगेत बसवलं आहे, गळ्यात पांढरी पिशवी आणि तिच्यावर घराण्याचं चिन्ह असलेली निळी डुकरीण. मुलानं हे चॅपल बापाच्या पापासाठी बांधलं असं सर्रास सांगितलं जातं. मला ते फार सोपं उत्तर वाटतं. अंतिम न्यायाचं चित्र असलेल्या भिंतीवर स्वतः एन्रिको चॅपलची प्रतिकृती हातांवर तोलून अर्पण करताना दिसतो, आणि तो तारलेल्यांच्या बाजूला आहे. भक्ती, भीती आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी त्या एका माणसात एकत्र असणार.

२० ऑक्टोबर

चुना आला. वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करणारे एक जुने गवंडी आहेत, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्याकडे पावसाळ्याआधी विरवून हौदात झाकून ठेवलेला चुना होता. लोण्यासारखा मऊ, थापीला चिकटून राहणारा.

विद्यार्थ्यांना विरवण्याची क्रिया दिसावी म्हणून थोडी ताजी चुनकळी वेगळ्या पिंपात भिजवली. पाणी पडताच ती तडकते, फुगते, खदखदायला लागते. तात्यांनी मुलांना हातभर लांब उभं केलं आणि चष्मे लावायला लावले. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली, की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि चुनकळी उरते. पाणी घातलं, की विरलेला चुना होतो. तो भिंतीवर गेला, की हवेतला कर्बवायू परत घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा दगडच, मधल्या काळात फक्त तो हाताच्या आज्ञेत असतो. ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग दिला, की चुन्याचं पाणी पृष्ठभागावर येतं, तिथे स्फटिकांची पातळ साय धरते आणि रंगाचे कण तिच्यात अडकतात. डिंक नको, अंडं नको, सरस नको. हे कळल्यावर एक मुलगी म्हणाली, “म्हणजे रंग भिंतीवर नाही, भिंतीत असतो.” वहीत तसंच लिहून घेतलं.

२ नोव्हेंबर

पहिला जाड थर झाला. एक भाग चुना, दोन भाग चाळलेली नदीची वाळू. जोत्तोच्या शिष्यपरंपरेतला चित्रकार चेन्निनो चेन्निनी यानं १४०० च्या आसपास भित्तिचित्राची कृती लिहून ठेवली, त्यातही हेच प्रमाण आहे. कालवलेला माल काही दिवस तसाच ठेवा, त्यातली ऊब निघून जाऊ द्या, नाहीतर भिंतीवर गिलावा फुटेल, असंही तो सांगतो. तात्यांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर आहे ताई. आमच्या वडिलांनी पण कधी त्या दिवशीचा माल त्या दिवशी लावला नाही.” हा चेन्निनी १३९८ मध्ये पादुआतच राहत होता, म्हणजे जोत्तोचं चॅपल त्याच्या रोजच्या पायाखालचं.

थर मुद्दाम खरबरीत ठेवला, वरच्या थरानं पकड घ्यावी म्हणून. वाळल्यावर गेरूत बुडवलेली दोरी ताणून फटक्यानं उभी-आडवी रेघ पाडली. मग गेरूनंच देवदूतांची रेखाटनं, मोठ्या कुंचल्यानं, बारकावे न काढता.

हे रेखाटन वरच्या थराखाली झाकलं जाणार, ते पुन्हा कुणाच्या नजरेला पडायचं नाही. इटलीत मात्र पडलं. २७ जुलै १९४४ रोजी पिसाच्या कांपोसांतो दफनभूमीच्या छपराला तोफगोळ्यानं आग लागली, शिसं वितळून भिंतींवरून ओघळलं, आणि उरलेली चित्रं वाचवण्यासाठी वरचा थर भिंतीवरून उतरवावा लागला. खाली लाल मातीची रेखाटनं निघाली, मोठमोठी, मोकळ्या हाताची. जे चित्रकारांनी फक्त स्वतःसाठी काढलं होतं ते आगीमुळे जगासमोर आलं. ही हकिगत सांगताना मला दर वेळी गलबलून येतं, कारण मिळालेलं मोठं आहे आणि त्याची किंमतही मोठी आहे.

९ नोव्हेंबर

आज प्रश्न आला तो येणारच होता: “अजिंठा पण फ्रेस्कोच ना?” पाठ्यपुस्तकांतून तसं लिहिलेलं असतं. पण फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र. अजिंठ्याचा गिलावा मातीचा आहे, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे. त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तिथे चित्रकाराला घड्याळ नव्हतं. पादुआत होतं. दोन्ही पद्धती थोर आहेत, पण चित्रकाराच्या मनावरचा ताण वेगळा आहे, आणि तो ताण रेषेत उतरतो. अजिंठ्याची रेषा लांब श्वासाची आहे. जोत्तोची थोडक्यात आटोपणारी, ठाम.

१६ नोव्हेंबर

या सबंध प्रकल्पातलं मला सर्वांत प्रिय काम आज झालं: भिंतीची दिवसांत वाटणी.

वरचा, रंग घेणारा पातळ थर एका वेळी सगळीकडे लावत नाहीत. त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढाच लावतात. इटालियन कारागीर त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात. दिवस संपला, की न रंगवलेला गिलावा कडेनं तिरपा कापून काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्या कडेला भिडवून नवा तुकडा लावायचा. नव्या तुकड्याची कड जुन्यावर किंचित चढते. म्हणून भिंतीवर एका बाजूनं तिरपा उजेड टाकला, की सांधे दिसतात. कोणता तुकडा कोणावर चढला आहे हे पाहिलं, की कोणतं आधी झालं तेही कळतं. काम वरून खाली उतरतं, कारण वरचं पाणी आणि रंग खालच्या तयार चित्रावर ओघळता कामा नये.

हे सांधे म्हणजे त्या काळच्या कामाची हजेरीच आहे. मोठ्या आकाशाचा तुकडा एका दिवसात होतो. डोंगर, भिंती, झाडं भराभर होतात. आणि मग एखाद्या चेहऱ्याभोवती, प्रभावळीच्या कडेनं, एक लहानसा तुकडा सापडतो: सबंध दिवस त्या एका डोक्यासाठी राखून ठेवलेला. चित्रकाराला काय महत्त्वाचं वाटत होतं याचं याहून भरवशाचं साधन माझ्या माहितीत नाही. त्याच्या मनातलं आपण अंदाजानं सांगतो. गिलाव्याचा सांधा अंदाज नाही.

‘ख्रिस्तविलाप’ मुलांसोबत पुन्हा एकदा नीट पाहिलं. उत्तरेकडच्या भिंतीवर, कथेच्या सर्वांत खालच्या ओळीत ते आहे. उजवीकडून एक उघडा कातळ तिरका उतरत येतो आणि नजर थेट खाली डाव्या कोपऱ्यात नेतो, जिथे मरियेनं मृत येशूला कवेत घेतलं आहे, चेहऱ्याला चेहरा भिडवून. येशूचा शिष्य योहान दोन्ही हात मागे फेकून वाकला आहे. येशूची अनुयायी मग्दालिया पायांशी. दोन व्यक्ती आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत, नुसते झग्यांचे जड ढीग. त्यांचं तोंड दिसत नाही म्हणून त्यांचं दुःख जास्त जाणवतं. कातळाच्या टोकाला एकच निष्पर्ण झाड. शेजारच्या लहान नक्षीचौकटीत माशाच्या तोंडात जाणारा संदेष्टा योना, कारण येशूसारखाच तीन दिवसांनी तोही बाहेर येणार आहे. ज्यांना बायबलची कथा माहीत होती त्यांना ही खूण चटकन कळत असणार.

आमचे देवदूत आकाशातले. एकानं गालांवर हात घेतले आहेत, दुसऱ्यानं हात पसरले आहेत. कमरेखाली त्यांची वस्त्रं विरत जातात, पाय नाहीतच. जोत्तोनं त्यांना सुंदर दिसण्याची सक्ती केलेली नाही. रडताना माणसाचं तोंड वेडंवाकडं होतं, तसं त्यांचं झालं आहे. देवाच्या दूतांना इतकं उघडं रडू देणं ही १३०५ साली केवढी धिटाई!

आमचा सांधा पहिल्या देवदूताच्या पंखाच्या कडेनं जाईल असं ठरवलं. आकाशाच्या मधून सरळ कापणं सोपं होतं, पण ते डोळ्यांत खुपतं; आकृतीच्या बाह्यरेषेवर सांधा लपतो.

२३ नोव्हेंबर

आज रंगकाम. उजाडायच्या आत तात्या हजर. खालच्या थरावर पाणी मारत राहिले, भिंत पाणी पिणं थांबवेपर्यंत. मग बारीक वाळू, संगमरवराची भुकटी आणि चुना यांचा पातळ हात, रंध्यानं एकसारखा केलेला. प्रभावळीचं वर्तुळ गिलाव्यातच थोडं उठवून घेतलं आणि ओलं असताना तिच्यात किरणांच्या रेघा दाबल्या. पादुआतल्या प्रभावळी अशाच उठवलेल्या आहेत, म्हणून मेणबत्तीच्या उजेडात त्या चमकत असतील.

लगेच रंगवता येत नाही. गिलावा फार ओला असताना कुंचला त्याला उकरतो आणि रंग चिखल होतो. बोट टेकवल्यावर ठसा न उमटता नुसता गारवा लागला, तेव्हा सुरुवात केली. टोकदार काडीनं झग्याच्या मुख्य चुण्या दाबून घेतल्या. आकाशाच्या जागी काजळी आणि चुना यांचा करडा हात. निळा आज नाही, त्याची नोंद पुढे येईल.

चेहऱ्याला आधी हिरवी माती. विद्यार्थी बिचकले, हिरवा चेहरा कसा? पण हिरव्यावर गुलाबी आला, की कातडीला गारवा येतो, सावलीत तो हिरवा तसाच राखला जातो. चेन्निनीनं सांगितल्याप्रमाणे गुलाबीच्या तीन छटा तीन वाट्यांत आधीच कालवून ठेवल्या होत्या. ऐन वेळी मिसळत बसलं, तर तोच रंग पुन्हा सापडत नाही. सावलीकडून उजेडाकडे. पांढरा चुन्याचाच. झग्याला पिवडी आणि गेरू.

दुपारी एक वेळ अशी आली, की भिंत रंग हातातून ओढून घेत होती, न फिस्कटता, न ओघळता. रेषा ठेवावी आणि ती तिथेच बसावी. त्या काळात कुणी बोललं नाही. मग हळूहळू कुंचला अडखळायला लागला, पाणी टेकताच नाहीसं व्हायला लागलं. तात्यांनी भिंतीला हाताची मागची बाजू लावून पाहिली आणि म्हणाले, “ताई, आता पुरे. आता जे लावाल ते वर बसेल, आत जायचं नाही.” कुंचला खाली ठेवला. पंखाच्या कडेनं गिलावा तिरपा कापला.

अकरा-बारा मीटर उंच परांचीवर, हिवाळ्याआधीच्या आखूड होत जाणाऱ्या दिवसांत, मंडळी हे काम करत होती. चुना कालवणारे, गिलावा थापणारे, रंग वाटणारे, किनारी आणि नक्षी भरणारे कितीतरी हात. नाव जोत्तोचं राहिलं, आणि ते योग्यच आहे, पण ‘पुरे’ म्हणणारा कुणीतरी तात्या तिथेही असलाच पाहिजे.

२४ नोव्हेंबर

दुसरा देवदूत. सांधा नीट बसला. रंग कालच्यापेक्षा गडद दिसतोय, तो ओलेपणामुळे. काल केलेला भाग आजच उजळायला लागला आहे.

७ डिसेंबर

भिंत बरीच सुकली. गेरू दोन छटांनी फिका झाला, हिरवी माती जवळजवळ कुजबुजण्याइतकी. ओला रंग आणि सुका रंग यांतला हा फरक चित्रकाराला आधीच डोक्यात ठेवून काम करावं लागतं.

मुलांनी विचारलं, चुन्याचा पांढरा इतका पारदर्शक, तर शिशाचा पांढरा का नको? त्याचं उत्तर इटलीतल्याच आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या बासिलिकात भिंतीवरच आहे. जोत्तोच्या आधीच्या पिढीतला चित्रकार चिमाबुए यानं तिथे क्रूसारोहणाच्या दृश्यात शिशाचा पांढरा वापरला. तो काळा पडला. आज ते चित्र छायाचित्राच्या निगेटिव्हसारखं दिसतं, उजेड काळा आणि सावली फिकी. तरीही मग्दालियेचे वर फेकलेले हात काळजाला भिडतात. त्याच बासिलिकाच्या छताचा काही भाग २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात कोसळला, चार माणसं गेली, आणि चिमाबुएनं रंगवलेला संत मत्तय हजारो तुकड्यांत विखुरला.

२१ डिसेंबर

निळा.

चॅपलचं कमानदार छत आणि प्रत्येक दृश्यामागचं आकाश निळं आहे, छतावर सोनेरी तारे. हा निळा अझुराइट या तांब्याच्या खनिजाचा. भरड दळला तर गडद, बारीक दळला तर फिका पडतो. गडद हवा असेल तर भरड कण जाड थरात बसवावे लागतात, आणि चुन्याची पातळ साय एवढे कण धरून ठेवू शकत नाही. म्हणून भिंत पूर्ण सुकल्यावर सरसात किंवा अंड्यात कालवून तो वरून द्यायचा. खाली गडद हात असला, की निळ्याला खोली येते. आमचा करडा हात त्यासाठीच होता.

आज वर्गात सरस कढवला, वास सगळीकडे भरला. थोडंसंच अझुराइट परवडलं, त्यात आकाशाचा पट्टा झाला. मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली, कारण करड्या भिंतीवर देवदूत चिकटवल्यासारखे दिसत होते, आणि निळा येताच ते हवेत गेले.

पण हा निळा भिंतीत नाही, भिंतीवर आहे. सरस दमट हवेत कुजतो, कण सुटतात. पादुआत तेच झालं. कितीतरी ठिकाणी मरियेच्या झग्यावरचा निळा गळून गेला आहे आणि खालचा हात उघडा पडला आहे, तर बाजूच्या माणसाचा गेरूचा झगा सातशे वर्षांनंतरही कालचा वाटतो. मरियेला सर्वांत महाग, सर्वांत मानाचा रंग द्यायचा होता, म्हणूनच तिचा झगा सर्वांत आधी गेला. जोत्तोच्या कारखान्याला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. चेन्निनीनं ओल्या चुन्यावर न चालणाऱ्या रंगांत अझुराइट नोंदवलं आहे, आणि ते ज्ञान त्याच परंपरेतून आलेलं. त्यांनी जाणूनबुजून तो निळा निवडला. मला त्यांचा निर्णय पटतो. करड्या आकाशाखाली ते दृश्य टिकलं असतं, पण ते दृश्यच झालं नसतं.

४ जानेवारी

जपणूक. तात्यांनी सुचवलं, वरून काहीतरी पारदर्शक मारू, धूळ बसणार नाही. एका विद्यार्थ्यानं लाखेच्या वॉर्निशचं नाव घेतलं.

नाही. याचा धडा आपल्याकडेच आहे. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं सावरायला लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी धरून ठेवला, हे त्यांचं ऋण मोठं आहे. पण चित्रांवर लाखेचा लेपही चढला, तो पुढे पिवळा-तपकिरी पडला, आणि तो काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षं गेली. ज्या परंपरेतून पादुआची भिंत आली त्याच देशाचे हात आपल्या गुंफांत येऊन गेले आहेत, हे मुलांना माहीत असलं पाहिजे, चांगल्या-वाईटासकट.

चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो. तिचा खरा शत्रू दमट हवा आणि गंधकयुक्त धूर: त्यांनी चुनखडीचं जिप्सम होतं, ते फुगतं आणि रंगाची साय वर उचलतं. म्हणून २००१-०२ च्या मोठ्या डागडुजीआधीच पादुआत चॅपलच्या दारात काचेची खोली उभारली गेली. पंचवीस जणांची तुकडी तिथे पंधरा मिनिटं बसते, कपड्यांवरची धूळ आणि दमटपणा ओसरतो, मगच आतलं दार उघडतं. मी गेले होते तेव्हा ती पंधरा मिनिटं मला अजिबात जड गेली नव्हती. देवळात शिरण्याआधी पाय धुतो, त्याच वृत्तीनं सगळे बसले होते. शेजारच्या एरेमितानी चर्चवर ११ मार्च १९४४ रोजी बाँब पडले आणि चित्रकार मान्तेन्याची चित्रं चक्काचूर झाली. काही पावलांवरचं हे चॅपल वाचलं. एवढ्यातून वाचलेल्या भिंतीला माझा श्वास बाधू नये, ही अपेक्षा रास्त आहे.

आमच्या पडवीला पावसाळ्याआधी बाजूनं झडप लावायची. भिंतीला हात लावायचा नाही. लेप नाही.

११ जानेवारी

पुढचा टप्पा ठरला: चॅपलच्या अगदी खालच्या पट्ट्यातली नकली संगमरवरी फळी. तिथे रंगीत कथा नाही, दगडात कोरल्यासारखे करड्या रंगातले सात सद्गुण आणि समोरच्या भिंतीवर सात दुर्गुण आहेत. गिलावा घोटून त्याला दगडाची चकाकी आणली आहे. हे ऐकून तात्या खूश झाले. चुना घोटण्याचं काम त्यांनी तरुणपणी भरपूर केलं आहे आणि कुणी शिकायला मागत नाही अशी त्यांची खंत होती. मुलांनी एकमतानं ‘मत्सर’ निवडला: म्हातारी, हातात पैशाची थैली, पायाशी ज्वाळा, तोंडातून निघालेला साप वळून तिच्याच डोळ्यांवर येणारा.

मागवायचं: संगमरवराची बारीक भुकटी, घोटायला गुळगुळीत दगड, काजळी. चुना तात्यांच्या हौदातलाच. थंडी आहे तोवर जाड थर लावून घ्यायचा. मार्चच्या उन्हात गिलावा फार लवकर ओढतो.